विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर: घरच्या कॉम्प्युटरसाठी पहिल्यापासून

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव मुदतीसाठी ज्यांनी नोंदणी केली, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवड आहे. विंडोज ११ वर जावं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६ च्या सुमारास हौसेने घेतलेला, आजही ठणठणीत असलेला आय-फाइव्ह लॅपटॉप एका तारखेत बाद ठरतो. असा कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. आणि कुणीतरी 'ॲक्टिव्हेट करून' दिलेल्या चोरीच्या विंडोजवर बँकेचा पासवर्डही टाकू नका. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसणारी ऑपरेटिंग सिस्टिम त्याच मशिनवर फुकट, कायदेशीर आणि अपडेटसह चालते.

लिनक्सचे प्रकार ढीगभर आहेत. नवख्या माणसाने त्यांची तुलना करण्यात आठवडे घालवू नयेत. उबुंटू चांगलं आहे, फेडोरा चांगलं आहे, आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉसही आहे. पण विंडोज वापरलेल्या घरासाठी मी मिंटच सुचवेन. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मधे उघडलेल्या खिडक्या, असं सगळं ओळखीच्या जागी असतं. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तिच्यात तीन आवृत्त्या येतात. चार जीबी किंवा जास्त रॅम असेल तर सिनॅमन घ्या, त्याहून कमी असेल किंवा मशीन फारच थकलेलं असेल तर एक्सएफसीई. तिसरी, माटे, सध्या बाजूला ठेवा.

आधी वही-पेन

इन्स्टॉल करणं हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. फसगत होते ती आधीच्या चौकशीत कुचराई केल्याने. म्हणून घरातल्या प्रत्येकाला विचारा, या कॉम्प्युटरवर तू नेमकं काय काय करतोस? 'इंटरनेट' हे उत्तर पुरेसं नाही. कुठल्या साइट, कुठले प्रोग्राम, कुठला प्रिंटर, हे सगळं लिहून काढा.

बँक, वीजबिल, सातबारा, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब ही ब्राउझरमधली कामं आहेत आणि ती जशीच्या तशी चालतात. फायरफॉक्स मिंटसोबतच येतो, क्रोम हवा असेल तर तोही मिळतो. झूमची लिनक्स आवृत्ती आहे. पत्रं, बायोडाटा, सोसायटीचा जमाखर्च यांच्यासाठी लिब्रेऑफिस आधीच बसवलेलं असतं आणि ते वर्ड-एक्सेलच्या फाइल उघडतं. मात्र मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लिहिलेली एक्सेल शीट किंवा रेघेला रेघ जुळायलाच हवी असा फॉर्म असेल, तर तो आधी उघडून बघा.

आता जिथे अडतं ते. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप नाहीत. इंकस्केप आणि गिम्प चांगले आहेत, पण लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दहा वर्षांच्या कोरल फाइल त्यांत नीट उघडतील असं समजू नका. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरून जीएसटी किंवा टेंडर भरणाऱ्यांना ड्रायव्हरचा त्रास होऊ शकतो. व्हॅलोरंट खेळणाऱ्या मुलाला ते इथे मिळणार नाही. पहारा ठेवणाऱ्या खास ब्राउझरमधून ऑनलाइन परीक्षा द्यायची असेल, तर तो ब्राउझर बहुतेक वेळा विंडोजच मागतो.

प्रिंटरचं मॉडेल तर जरूर लिहा. एचपीचे बहुतेक प्रिंटर केबल लावल्या लावल्या ओळखले जातात. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत सगळीकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो आणि लिनक्सवर तो बसवणं नवशिक्याचं काम नाही. तुमच्याकडे तोच असेल तर विंडोज पूर्ण काढू नका.

पोटापाण्याचं काम टॅलीवर किंवा कोरलवर चालत असेल, तर त्या मशिनला हातच लावू नका. घरातल्या दुसऱ्या मशिनपासून सुरुवात करा.

डी ड्राइव्हचा भ्रम

आपल्याकडच्या असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची पद्धत आहे. दुरुस्तीवाला 'फॉरमॅट मारतो' तेव्हा फक्त सी पुसतो आणि डी-मधले फोटो जागेवर राहतात. त्यामुळे 'डी-मध्ये आहे ना, मग सेफ आहे' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लिनक्सच्या इन्स्टॉलरला सी आणि डी ही नावं माहीतच नाहीत. त्याला दिसते अख्खी डिस्क. 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय निवडलात तर सी, डी, ई सगळे जातात. लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, आजोबांच्या आवाजातल्या रेकॉर्डिंग, सगळं.

म्हणून बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि डी-सकट सगळं तिच्यावर कॉपी करा. डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइल आणि डाउनलोड्सचं फोल्डर लोक हमखास विसरतात. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्या. वायफायचा पासवर्ड कागदावर लिहा. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून काही फोटो आणि काही कागदपत्रं प्रत्यक्ष उघडा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका. ज्या फाइल गेल्या तर परत मिळणारच नाहीत, त्यांची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा.

विंडोजमध्येच आणखी दोन कामं उरकायची आहेत. सेटिंगमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा, नाहीतर बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) थोडा फेरफार केल्यावर विंडोज ती की मागेल आणि तुमच्याकडे ती नसेल. विंडोज ठेवणार असाल तर इन्स्टॉलच्या आधी एन्क्रिप्शन बंद करणं सोयीचं. दुसरं, कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

पेनड्राइव्ह तयार करणं

मिंटच्या अधिकृत साइटवरूनच आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट असलेली एकच फाइल, उतरवा. ती तीन जीबीच्या आसपास असते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजची मर्यादा दीड-दोन जीबीची असेल तर साइटवरचा टॉरंटचा पर्याय घ्या. डाउनलोड मधेच थांबलं तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं.

फाइल उतरल्यावर ती पूर्ण आणि अस्सल आहे का, हे तपासायचं. बरेच जण ही पायरी गाळतात आणि नंतर इन्स्टॉल अर्ध्यात अडकलं की मशिनला दोष देतात. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर आयएसओवर राइट क्लिक करून शा-२५६ निवडा. एक लांबलचक आकडा-अक्षरांची माळ येते. मिंटच्या साइटवर तुमच्या आवृत्तीसमोर दिलेल्या माळेशी ती पडताळा. एक जरी अक्षर वेगळं असलं तरी फाइल पुन्हा उतरवा.

आता आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणि बॅलेना एचर हा प्रोग्राम घ्या. आयएसओ निवडा, पेनड्राइव्ह निवडा, फ्लॅश दाबा. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर मशीन त्यावरून चालू होत नाही. पेनड्राइव्हवर आधीचं जे काही असेल ते पुसलं जाईल. काम संपल्यावर विंडोज 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारतं. तिथे नाही म्हणा.

पेनड्राइव्हवरून चालवून बघा

मशीन बंद करून चालू करताना बूट मेनूचं (कशावरून चालू व्हायचं ते निवडण्याच्या यादीचं) बटण दाबत राहायचं. डेल, लेनोवो आणि गिगाबाइटच्या मदरबोर्डला एफ१२. एचपीला एस्केप आणि मग एफ९. आसुसच्या लॅपटॉपला एस्केप, त्यांच्या मदरबोर्डला एफ८. एमएसआयला एफ११. बटण सापडत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, पुढच्या निळ्या पडद्यावर यूएसबीवरून चालू करण्याचा पर्याय मिळतो. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी बायोसमधली सोय) बंद करण्याची सहसा गरज नाही, मिंट त्याच्यासह चालतं. पडदा काळाच राहिला तर परत चालू करून पहिल्या यादीतला 'कंपॅटिबिलिटी मोड' घ्या.

थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप येतो. हे सगळं पेनड्राइव्हवरून चाललेलं असतं, तुमच्या हार्ड डिस्कला अजून धक्काही लागलेला नसतो. इथे घाई करू नका. एक-दोन संध्याकाळ याच अवस्थेत घालवा. पेनड्राइव्हमुळे ते जरा सुस्त वाटेल, तिकडे लक्ष देऊ नका. तपासायचं ते वेगळं आहे. वायफाय जोडलं जातं का? यूट्यूब लावल्यावर स्पीकरमधून आवाज येतो का, आणि हेडफोन लावला की तो तिकडे वळतो का? उजेड कमी-जास्त करणारी बटणं चालतात का? व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा आणि माइक? टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का? लॅपटॉपचं झाकण मिटा, पाच मिनिटं थांबा, उघडा. पडदा परत आला आणि वायफाय पुन्हा जोडलं गेलं, तर मोठी परीक्षा पार पडली. प्रिंटरची केबल लावून एक पान छापा. सोसायटीची ती एक्सेल शीट लिब्रेऑफिसमध्ये उघडा.

वायफाय दिसलंच नाही तर घाबरायचं कारण नाही. काही ब्रॉडकॉम चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. मोबाइल यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं की नेट मिळतं आणि पुढे ड्रायव्हर मॅनेजरमधून तो ड्रायव्हर बसतो. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर मात्र बऱ्याच लॅपटॉपवर चालत नाही. त्याची आशा धरू नका.

कुठे बसवायचं

तीन मार्ग आहेत. त्यातला मी सर्वांत आधी सुचवतो तो थोडा खर्चाचा आहे. जुन्या मशिनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर २५६ जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) विकत घ्या, जुनी डिस्क काढून ठेवा आणि नव्या एसएसडीवर मिंट बसवा. तुमचं विंडोज, डी ड्राइव्ह, सगळं जसंच्या तसं कपाटात सुरक्षित राहतं. नाही जमलं तर जुनी डिस्क परत लावली की आधीचं सगळं हजर. शिवाय मशिनचा वेग नुसत्या लिनक्सने जितका वाढेल त्याहून जास्त एसएसडीने वाढतो.

दुसरा मार्ग विंडोजच्या शेजारी मिंट. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आक्रसून ६० ते १०० जीबी जागा मोकळी करा आणि ती तशीच रिकामी सोडा. मग मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'विंडोजच्या बरोबरीने' हा पर्याय निवडा. मशीन चालू करताना दोन्हींपैकी काय हवं ते विचारलं जाईल. तिसरा मार्ग सगळं पुसण्याचा. तो बॅकअप तपासून झालेला असेल आणि वहीत अडेल असं काहीच नसेल तरच.

इन्स्टॉल सुरू करण्याआधी बॅकअपची बाहेरची डिस्क काढून ठेवा. ती लावलेली असेल तर यादीत दोन डिस्क दिसतात आणि नवख्या माणसाला कुठली कुठली ते कळत नाही. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे वीज जाण्याची सवय असेल, तर यूपीएस नसताना हे काम काढू नका.

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' या आयकॉनवर दोनदा क्लिक करा. भाषा पहिल्या वेळेला इंग्रजीच ठेवा. मराठी पर्याय आहे, पण भाषांतर अपुरं आहे आणि काही अडलं तर इंग्रजी संदेश जसाच्या तसा शोधता येणं फार उपयोगी पडतं. कीबोर्डही अमेरिकन इंग्रजी निवडा, आपल्याकडच्या कीबोर्डवर तीच मांडणी असते. इथे मराठी निवडलंत तर पुढे पासवर्ड टाकताना अक्षरं देवनागरी येतील आणि तुम्ही अडकाल. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकोनात खूण करा म्हणजे एमपी३ आणि व्हिडिओ लगेच चालतील. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतील. पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येऊन 'एनरोल एमओके' विचारेल तेव्हा तोच द्यायचा.

त्यापुढचा पडदा सर्वांत महत्त्वाचा. डिस्कवर काय बदल होणार याची यादी इन्स्टॉलर दाखवतो आणि पुढे जायचं का ते विचारतो. ती यादी नीट वाचा. डिस्कचा आकार बघून ओळख पटवा. तुम्ही ठरवलं होतं त्याहून वेगळं काही दिसलं तर मागे जा, इथपर्यंत काहीही पुसलेलं नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साठवणुकीची पद्धत इंटेल आरएसटी किंवा रेड अशी असते, ती एएचसीआय करावी लागते. पण विंडोज ठेवायचं असेल तर ही अदलाबदल परस्पर करू नका. त्याने विंडोज सुरू होईनासं होऊ शकतं, त्यासाठी जाणकाराला जवळ बसवा.

वेळेसाठी नकाशावर कोलकाता निवडा. नाव, पासवर्ड द्या. पुढचं काम ते स्वतः करतं.

पहिल्या दिवशीची कामं

अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जो ड्रायव्हर 'रेकमेंडेड' लिहिलेला आहे तोच बसवा. फायरवॉल सुरुवातीला बंद असते, ती एका बटणाने चालू करा. टाइमशिफ्ट उघडून आठवड्याला एक स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या वेळची प्रत) घ्यायला सांगा. एखाद्या अपडेटने गडबड केली तर सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते. मात्र टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागदपत्रं सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

प्रोग्राम हवा असेल तर इंटरनेटवर सेटअपची फाइल शोधत फिरायची सवय सोडा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाका, इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या. व्हीएलसी, गिम्प, इंकस्केप सगळं तिथे आहे. कुणी पाठवलेली 'ईएक्सई' फाइल इथे चालणार नाही, आणि हे घरच्या सुरक्षिततेसाठी चांगलंच आहे.

विंडोज शेजारी ठेवलं असेल तर कधी कधी मिंटमधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. बॅटरी गेलेली नाही. मशिनच्या आतल्या घड्याळात मिंट ग्रिनिच वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की तात्पुरतं जुळतं. कायमचं हवं असेल तर मिंटला आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगता येतं, ती एका ओळीची आज्ञा आहे.

मराठी टायपिंग आणि जुने फॉन्ट

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट्स या भागात अधिकचं चिन्ह दाबा आणि मराठी शोधा. इनस्क्रिप्टची मांडणी आणि उच्चारानुसार चालणारी कागपा अशा दोन्ही मिळतात. खाली पट्टीत भाषेची खूण येते, तिच्यावर क्लिक करून इंग्रजी-मराठी बदलायचं. इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना काहीच नवं नाही. के वर क, डी वर पाय मोडायची खूण, शिफ्ट धरून एन दाबलं की ळ, शिफ्ट धरून जे दाबलं की 'दऱ्या'तला ऱ. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर 'इनपुट मेथड' नावाच्या साधनातून आयबस (IBus) आणि एमसतरा एन (m17n) ही जोडी बसवा. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर रुपया असलेला भारतीय इंग्रजी लेआउट जोडा. उजवा आल्ट धरून ४ दाबलं की ₹ येतं.

जुन्या फाइलचा प्रश्न खरा गुंतागुंतीचा आहे. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या सुरेखसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात, नसतात. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. मिंटवर ती उघडली की पानभर अगम्य चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. विंडोज काढण्याआधी तुमच्या हक्काच्या फॉन्टच्या टीटीएफ फाइल बॅकअपमध्ये घ्या, मिंटमध्ये त्यांवर दोनदा क्लिक करून इन्स्टॉल करा, म्हणजे पत्रं पुन्हा वाचता येतात. महत्त्वाचा मजकूर असेल तर तो सवडीने युनिकोडमध्ये बदलून ठेवा. नव्या लेखनासाठी नोटो किंवा मुक्त फॉन्टच वापरा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने बनवलेला मुक्ता हा फॉन्ट फुकट आहे आणि मराठीत तो फार सुबक दिसतो.

अडलं तर, आणि मशीन दुकानात गेलं तर

मदत मागताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. मिंटच्या मेनूत 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' आहे, तिथे कॉपीचं बटण दाबलं की मशिनची सगळी माहिती एका फटक्यात मिळते. ती चिकटवा, काय केलं आणि पडद्यावर कोणते शब्द आले ते लिहा. तेवढं दिलंत तर अनोळखी लोकही मनापासून मदत करतात.

पंखा वाजतोय, बिजागर तुटलंय, रॅम वाढवायची आहे, अशा कारणाने मशीन दुरुस्तीला द्यावं लागलं, तर दुकानदाराला तोंडी सांगाच आणि झाकणावर कागदही चिकटवा: 'यात लिनक्स आहे, फॉरमॅट करू नये.' अनोळखी पडदा दिसला की सद्भावनेनेच विंडोज टाकून देणारे कारागीर पुष्कळ आहेत.